सुके बोंबील (मिश्र संघ)

अर्जात खेळाची पातळी विचारली होती :
नवशिके, मध्यम, सराईत.
मी लिहिलं, नववी ब, रत्नागिरी.
रकाना तिथेच संपला.
टी-शर्टचं माप मात्र खोटं सांगितलं,
एक नंबर कमी.

रविवार, सकाळचे साडेसहा, वेसावे.
संघाचं नाव मी यायच्या आधीच ठरलेलं.
ठेवलं हर्षाली चिंचयने.
कोर्टापलीकडे तिच्या आईच्या वलांडीवर
खरे बोंबील होते, जबड्यात जबडा अडकवून,
आमच्यापेक्षा सरळ रांगेत.

सामने तिथी बघून लागायचे.
"अष्टमीची भांग हाय," हर्षाली म्हणाली,
"पानी उगाच अंगचटीला यायचं नाय."
मेलरॉयने टाचेने रेषा ओढली,
निळी दोरी ताणून चारी कोपरे पुरले,
मग गुडघ्यांवर बसून वाळू चाळली :
काचेचे तुकडे, टोपणं, एक किल्ली,
आणि प्लास्टरचा एक सुपाएवढा कान, रंग गेलेला.
तो त्याने शर्टाला पुसून
कठड्यावर नीट ठेवला.
कोणी काही बोललं नाही.

नियम असा, की चेंडू फिरवायचा तर
एक तरी स्पर्श बाईचा हवा.
म्हणून पहिले तीन रविवार
चेंडू माझ्याकडे यायचा
जसा टेबलावर कागद येतो,
माहितीसाठी व सहीसाठी.
मी सही करायचे. पुढे पाठवायचे.

वाळूत उडी मारायची तर
आधी वाळूला विचारावं लागतं.
पाय वर मागतो, ती खाली घेते.
सोमवारी खिडकी क्रमांक दोनला,
जन्म-मृत्यू नोंदणी,
काउंटरखाली पोटरीत गोळे यायचे
आणि वरून मी विचारत असायचे,
"मयताशी आपलं नातं?"

मधल्या चेंडूवर फर्झाद आणि मी हमखास हरायचो.
तो म्हणायचा, "तुमचा, मॅडम,"
मी म्हणायचे, "नाही नाही, घ्या ना,"
आणि चेंडू आमच्या दोघांच्या सभ्यपणात
धप्पकन बसायचा.
"रेगेबाई, वरडा की! माझा म्हना!
बाजारात मी अशी गिराइकं सोडली असती
तर जेवले असते काय?"

घरी करून पाहिलं.
न्हाणीघरात, नळ सोडून.
माझा.
बाहेरून नवरा म्हणाला,
"काय हरवलं?"

चौथ्या रविवारी समोर दंतवैद्यांचा संघ.
ते एकोणीस, आम्ही अकरा.
मेलरॉयने पहिला उचलला,
दुसरा हर्षालीने.
म्हणजे बाईचा स्पर्श झाला होता,
नियम पुरा झाला होता,
माझी सही कुठेच लागत नव्हती.
तरी तिने तो वर टाकला, उंच, उन्हात,
नेमका फर्झादच्या आणि माझ्या मधे.

कोणीतरी ओरडलं.
इतकं भसाड्या आवाजात, की कठड्यावरचे कावळे उठले.
फर्झाद दोन पावलं मागे सरला
तेव्हा मला कळलं, ओरडणारी मी.

उडी असेल टीचभर.
हात मात्र पूर्ण बसला.
चेंडू जाळीवरून गेला,
दंतवैद्यांवरून गेला,
मागच्या रेषेवरून, दोरीवरून,
आणि थेट वलांडीत.
चार बोंबील पडले, पाचवा एका जबड्यावर लोंबत राहिला.

गुण त्यांचा.

हर्षालीची आई आली,
काष्टा सावरत, चेंडू बगलेत,
दुसऱ्या हाताने बोंबलांची वाळू झटकत.
"कोनाचा हाय ह्यो?"

फर्झाद आकाशाकडे बघू लागला.
मेलरॉय बुटाची नाडी शोधत होता,
पायात बूट नव्हते.

"माझा," मी म्हटलं,
आणि बोंबलांचे किती झाले, तेही विचारलं.

तिने सांगितले.
पाचव्याचेही धरून.